पॅडवाला

डिसेंबरात शहाद्याहून पहाटे निघालं
की म्हसावदपर्यंत पपईचे मळे सोबत असतात,
फळांना जुन्या पेपरची कुंची,
मला कानटोपी.
हिलाल पुढे. त्याच्या सायकलला घंटी नाही,
खोकला आहे.
'थंडी भलती शे भो,' तो न वळता म्हणतो,
आणि त्याच्या तोंडातली वाफ
माझ्या चष्म्यापर्यंत येऊन विरते.
माझ्या सायकलची चेन
राणीपूरच्या चढावर एकदा तरी उतरते.
मी खाली बसतो, बोटं काळी करतो,
वर बघतो: सातपुडा अजून घोंगडीत.

या रस्त्यानं मी अठ्ठावीस वर्षं गेलो, जीपनं.
मागे दोन शिपाई, एक पहार,
नमुन्यासाठी रिकाम्या बाटल्या.
मांडीवर पॅड, पॅडवर कार्बन,
आणि माझं वळणदार अक्षर:
'मोहाचा सडवा, अंदाजे दोनशे लिटर,
पंचांसमक्ष जमिनीवर ओतून नष्ट केला.'
अंदाजे. हा शब्द हाताला पाठ होता.
चवीचा रकाना नव्हता.

हिवाळाच का, ते वेस्तानं सांगितलं.
चैतात वेचलेली फुलं तोवर मनुकांसारखी होतात,
आणि झऱ्याचं पाणी इतकं गार
की वाफेला पळायला जागा उरत नाही.
वेस्ताची जरा धुरकट, शेवटाला गूळ.
आमलीपाड्याची नाकात शिरणारी, पोरगेली;
'हिले आजून अक्कलदाढ येवानी शे,' हिलाल म्हणतो.
झरीफळीचा म्हातारा देतच नाही.
नुसता वास देतो. म्हणतो,
पोरीच्या लग्नाची आहे, फाल्गुनात या.

नोवलीबाईचं घर सगळ्यात वर,
सायकल हातात धरून न्यावी लागते.
मडक्यावर मडकं, सांध्यांना ओली माती,
बांबूच्या नळीतून थेंब, मग धार,
सुईत ओवता येईल इतकी बारीक.
तिनं पळसाचा डोणा भरला,
आधी तिरका केला, दोन थेंब मातीत,
'आमच्या गेलेल्यांना.'
मग माझ्यापुढे धरला.

मावशी, मी म्हणालो, मी आधी आलोय इथं.
'माहीत आहे. पॅडवाला.'
हिलाल तुरीची शेंग सोलायचा थांबला.
'सगळी ओतलीस तू. चार मडकी.
माझा सासरा, त्याचा बाप, त्याच्याही वरचे,
ज्यांची नावं आता कुणाला येत नाहीत,
सगळे एकदम प्यायले त्या दिवशी.
आठ दिवस घरात कुणाला स्वप्न पडलं नाही.
झोपले असतील, दुसरं काय.'
ती हसली का, ते धुरात मला दिसलं नाही.

मी प्यालो. आधी काहीच नाही.
मग घशाच्या खाली कुठंतरी
उन्हात वाळलेल्या गोधडीचा वास,
आणि त्याच्याही खाली चैतातली एक सकाळ,
झाडाखाली पडलेली, कुणी न वेचलेली.
पैसे विचारले. तिनं सांगितले,
मी वर थोडे ठेवले.
वरचे तिनं परत दिले.

उतारावर ब्रेक धरून बोटं बधिर.
कॅरिअरला शेंगांचं गाठोडं,
गाठोड्यात पावशेर बाटली, मक्याच्या बिट्टीचं बूच.
राणीपूरच्या अलीकडे समोरून जीप आली,
तोच रंग, पोरं नवी.
मी सवयीनं सलाम ठोकला.
पुढच्या सीटवरच्यानं मान हलवली.
त्याच्या मांडीवर पॅड होतं.

धूळ बसेपर्यंत आम्ही दोघे उभे.
जीप आमलीपाड्यापर्यंतच जाते,
पुढे त्यांना पायीच जावं लागतं,
आणि वाट पोरांना ठाऊक नसेल.
झरीफळीकडून एक पायवाट आहे,
ती मीच कधीतरी नकाशात लाल शाईनं काढली होती.
मी सायकल वळवली.
चेन उतरली.

'राहू दे ती,' हिलाल म्हणाला,
'मना मांगे बस भो.'